पंप हवा कुठून घेतोय? बोटीवरच्या व्हॅक्यूम संडासाबद्दल प्रश्नोत्तरे

प्रश्न (तापोळा): सेकंडहँड केबिनची बोट घेतली. संडास व्हॅक्यूमचा, १२ व्होल्टचा. रात्री कुणी उठत नाही, तरी दर दहा मिनिटांनी पंप सुरू होतो आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो. पाणी कुठेही गळत नाही. मग बिघाड कशात?

उत्तर: पाणी गळत नसलं तरी हवा गळते आहे. या संडासात टाकी आणि पाइपातली हवा पंप आधीच ओढून ठेवतो. साधारण १० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम झाला की स्विच पंप बंद करतो. पेडल दाबलं की भांड्याखालचा गोळा फिरतो, बाहेरची हवा आत घुसते आणि जाताना मैला घेऊन जाते. म्हणून जेमतेम अर्धा लिटर पाण्यात काम होतं. वापर नसताना तीनेक तासांतून एकदा पंप चालला तर काळजीचं कारण नाही. दहा मिनिटांनी चालत असेल तर कुठून तरी हवा घेतोय. विहिरीवरची मोटर फूटव्हॉल्व्ह गळाला की पाणी धरत नाही, तसंच हे प्रकरण आहे.

काहीही खोलायच्या आधी झोपताना भांड्यात पेलाभर पाणी सोडून ठेवा. सकाळी भांडं कोरडं दिसलं, तर गोळ्याभोवतीचं रबर सील हवा सोडतंय. पंपाचा फ्यूज काढा, पेडल दाबून गोळा उघडा धरा आणि जुन्या टूथब्रशने सीलच्या खालच्या बाजूची खाच घासून काढा. कागदाचा लगदा आणि लघवीचे खडे तिथेच बसतात. तेवढ्याने भागलं नाही, तर भांडं आणि बूड जोडणारा पट्टा थोडा आवळून पाहा. तरीही पाणी उतरत असेल तर सील बदलायलाच हवं.

सकाळी पाणी जसंच्या तसं असेल तर भांड्याच्या नादी लागू नका. बऱ्याचदा दोष पंपातल्या बदकाच्या चोचीसारख्या रबरी व्हॉल्व्हमध्ये निघतो. दुकानात त्याला डकबिल म्हणतात. या पंपांत बहुधा असे चार असतात, दोन आत येणाऱ्या बाजूला आणि दोन बाहेर जाणाऱ्या. चोचीत एखादा दोरा किंवा केस अडकला तरी ती पुरती मिटत नाही. खात्री करायची असेल तर संडासामागचा होज काढून त्याचं तोंड रबरी बुचाने बंद करा आणि पंप चालवा. आता व्हॅक्यूम टिकला तर दोष संडासातच होता, पाण्याची परीक्षा फसली म्हणायची. नाही टिकला तर तेच बूच व्हॅक्यूम टाकीच्या तोंडाला लावा. तिथे टिकला तर मधला होज किंवा त्याची क्लिप दोषी, आणि तिथेही सुटला तर टाकी आणि पंप एवढंच उरतं. व्हॅक्यूमच्या जोडावर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे शोधत बसू नका, कारण हवा बाहेर येत नाही, आत जाते. दाढीचा घट्ट फेस लावा. जिथे फेसाला खळगा पडेल तिथे फट.

पंप उघडण्याआधी पाच-सहा वेळा स्वच्छ पाणी ओढून घ्या, फ्यूज काढा आणि पेडल दाबून उरलेला व्हॅक्यूम सोडा. हातमोजे घाला आणि बादली जवळ ठेवा, कारण बाहेर जाणाऱ्या होजमधलं पाणी परत येतं. नवे डकबिल बसवताना चोच प्रवाहाच्या दिशेने हवी. एक जरी उलटा बसला तर पंप रात्रभर चालेल आणि व्हॅक्यूम धरणार नाही. चारही एकदम बदला. प्लॅस्टिकचे आटे असतात, तेव्हा नट हातानेच आवळा. पाना लावला की आटे गेले.

शिवसागराची, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाची, पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर आहे. तिथे हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे फ्लशनंतर व्हॅक्यूम भरायला किनाऱ्यापेक्षा किंचित जास्त वेळ लागेल. दर दहा मिनिटांनी पंप चालण्याशी मात्र उंचीचा संबंध नाही.

प्रश्न (बामणोली): पेडल दाबलं तर नुसता सुस्कारा येतो, भांडं रिकामं होत नाही. तार घालून पाहू का?

उत्तर: तार नको, प्लंजरही नको. तारेने सील कापलं जाईल आणि एका दुखण्याची दोन होतील. त्यापेक्षा पंपाचा आवाज ऐका. पंप वेळेवर बंद होतोय आणि तरी भांडं रिकामं होत नाही, म्हणजे व्हॅक्यूम आहे पण वाट बंद आहे. तुंबारा बहुधा गोळ्याच्या लगेच खाली किंवा पहिल्या वळणावर असतो. भांड्यात पाणी भरून तासभर मुरू द्या, मग दोन-तीनदा ओढा. पंप सतत चालतोय आणि व्हॅक्यूम होत नाही, तर मोठी गळती आहे, किंवा पंपाचा रबरी भाता फाटला आहे, किंवा पुढे मैला साठवायच्या टाकीची व्हेंट, म्हणजे हवेची नळी, बंद आहे. पंप चालतच नसेल तर आधी ही मैल्याची टाकी पाहा. बऱ्याच बोटींवर टाकी भरली की रिले पंपाचा करंट तोडतो, आणि माणूस उगाच मोटर सोडवत बसतो. त्यानंतर फ्यूज, आणि मग मल्टिमीटर: पंप चालू असताना बॅटरीवर आणि पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक एक व्होल्टच्या वर गेला तर वायर बारीक आहे किंवा जोड गंजलाय.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की फ्लशला गढूळ लाल पाणी येतं. तेव्हा पाण्याच्या पंपाआधीची जाळी दर आठवड्याला काढून धुवा, नाहीतर पाण्याचा व्हॉल्व्ह मिटत नाही आणि भांडं हळूहळू भरत राहतं.

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी): हे रबरी व्हॉल्व्ह आम्ही ट्यूबच्या रबरातून कापून देऊ का? साफसफाईला अ‍ॅसिड चालेल का?

उत्तर: वायसर कापून चालेल, डकबिल नाही. त्याचे ओठ मोल्डमध्ये मिटलेल्या स्थितीत घडवलेले असतात. सपाट रबर कापून चिकटवलं तर ते एक तर मिटत नाही किंवा मिटलं तर उघडत नाही. पंपांची माहिती असलेला जिल्हा आहे, किर्लोस्करवाडी जवळच आहे, त्यामुळे योग्य रबराचा मोल्ड करून देणारा कारागीर सापडेलही. पण कडकपणा मूळ व्हॉल्व्हइतकाच ठेवा. सीलला सिलिकॉन ग्रीस लावा. ऑइल, साधं ग्रीस किंवा व्हॅसलिन यांनी बरीच रबरं फुगतात.

संडासाचं अ‍ॅसिड, ड्रेन उघडायची पावडर आणि ब्लीच तिन्ही टाळा. रबर कडक होतं, आणि अ‍ॅसिड व ब्लीच एकत्र आले तर बंद केबिनमध्ये क्लोरीन वायू तयार होतो. लघवीच्या खड्यांना पांढरा व्हिनेगर पुरतो. अर्धा लिटर भांड्यात ओतून रात्रभर ठेवा, सकाळी ओढून वर भरपूर पाणी सोडा.

प्रश्न (सातारा): बोटीला तीन तोंडांचा व्हॉल्व्ह आहे. टाकी भरली की सरळ बाहेर सोडलं तर?

उत्तर: नाही. तो व्हॉल्व्ह समुद्रासाठी आहे. जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या मार्पोल कराराच्या चौथ्या परिशिष्टानुसार भरडून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपुढे आणि कच्चा मैला १२ मैलांपुढेच सोडता येतो. धरणात ती सोयच नाही, आणि जलप्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यात पाण्यात घाण सोडायला मनाई आहे. कोयनेचं बरंचसं पाणी वीजनिर्मितीनंतर चिपळूणकडे जातं, उरलेलं कराडला कृष्णेत मिळून सांगलीपर्यंत येतं. व्हॉल्व्ह टाकीच्या बाजूला वळवून कुलूप घाला. एका वापराचा लिटरभर हिशेब धरा: १२ जणांनी तीनदा वापरलं तर रोज ३६ लिटर, म्हणजे १०० लिटरची टाकी जेमतेम पावणेतीन दिवस. तिसऱ्या दिवशी उपसायची गाडी धक्क्यावर हवी.

केबिनमध्ये वास येत असेल तर व्हेंट तपासा. १९ मिलिमीटरपेक्षा बारीक व्हेंट किंवा तिच्यात पाणी साचणारी झोळ असेल तर टाकीत हवा जात नाही, आणि ऑक्सिजन नसला की सडण्याचा वास वाढतो. अत्तराच्या गोळ्यांनी काही होत नाही.

प्रश्न (वाळवा तालुका): जहाजावर ज्युनियर इंजिनिअर आहे. पूर्ण लाइनचा व्हॅक्यूम रोज पहाटे पडतो. २० केबिनमध्ये दोष कसा शोधायचा?

उत्तर: एकेक केबिन उघडू नका. मोठ्या जहाजांवर साधारण उणे ०.३५ ते ०.५ बार असतो. वापर कमी असलेल्या वेळी शाखांचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा आणि गेजवर लक्ष ठेवा. जी शाखा बंद केल्यावर काटा स्थिरावतो ती दोषी. त्या शाखेत फिरून कानाने सुसकारा शोधा: कुठलातरी डिस्चार्ज व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिलेला असतो. त्याच्या कंट्रोल युनिटमधली पडदी आणि बारीक नळ्या मळलेल्या असतात, बटणाची नळी तडकलेली असते. समुद्राच्या पाण्याचा फ्लश असेल तर पाइपात खडे साचून व्यास घटतो, तेव्हा एक तुकडा सोडवून आतून पाहाच. टाकीत उतरण्याआधी मात्र गॅस मोजा. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमला जिवावर बेततो, आणि तेवढ्याला नाक बधिर होतं, वास येईनासा होतो.

प्रश्न (सांगली): वंदे भारतमध्ये हाच प्रकार असतो का?

उत्तर: तत्त्व हेच, पुढे मैला जैविक टाकीत जातो. बटण एकदा दाबा आणि थांबा. व्हॅक्यूम तयार व्हायला वेळ लागतो.

प्रश्न (तापोळा): पावसाळ्यात वासोट्याच्या फेऱ्या बंद, बोट उभी. संडासाचं काय करायचं?

उत्तर: टाकी उपसून धुवा, फ्यूज काढा, पेडल दाबून व्हॅक्यूम सोडा. भांड्यात मात्र पाणी राहू द्या. सील कोरडं पडलं की कडक होतं. दर आठवड्याला फ्यूज लावून दोन फ्लश करा, पुन्हा काढून ठेवा. एक डकबिलचा संच आणि एक सील आताच आणून ठेवा. हंगाम सुरू झाल्यावर पुण्या-मुंबईहून मागवायला वेळ जातो.