मनगटपट्टे, पावसाळा आणि सुरेचं व्हिनेगर

ताई, तुम्ही लिहिलंय की गावच्या जत्रेत होणाऱ्या ऐतिहासिक नाटकासाठी भावाला चामड्याचे मनगटपट्टे केले. कोरलेली वेल वाळल्यावर पुसट झाली, काळा रंग पांढऱ्या अंगरख्याच्या बाह्यांना लागला आणि कडा केसाळ राहिल्या. मी गोव्यात डिचोलीला बरीच वर्षं हे काम करतोय, आणि मला यात तीन वेगळ्या चुका दिसत नाहीत. चामडं किती ओलं असताना हात लावायचा, हा एकच अंदाज कोरण्यात आणि कडांत हुकलाय; रंगाचं कारण तेवढं वेगळं, ते पुढे सांगतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की इतर ठिकाणी रात्रीत सुकणारं चामडं इथे दोन-दोन दिवस घेतं. कोरड्या प्रदेशातल्या कारागिरांचे व्हिडिओ पाहून वेळ ठरवली तर चुकणारच.

पण आधी चामडं तपासा. तुम्ही बॅगेचा उरलेला तुकडा वापरलात, तो क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेला असण्याची शक्यता मोठी आहे. कापलेल्या कडेत निळसर-करडी छटा दिसते का पाहा, आणि वर पाण्याचा थेंब टाका. साल-फळांनी कमावलेलं चामडं थेंब पिऊन लगेच गडद होतं. क्रोमवर तो बहुधा तसाच बसून राहतो. कोरीवकाम धरून ठेवतं ते सालीवर कमावलेलंच, म्हणजे कोल्हापुरी चपलांना बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात त्या जातीचं. ३ ते ३.५ मिमी जाडीचं, पाठीकडचं घ्या. पोटाकडचं स्वस्त पडतं, पण त्याचे तंतू सैल असतात. केसाळ कडेचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. घुमट या वाद्याचं बकऱ्याचं कातडं उरलंय, ते चालेल का, असंही विचारलंत. नाही चालणार. ते कमावलेलं नसतं, भिजलं की लिबलिबीत आणि सुकलं की पत्र्यासारखं होतं.

माप अंगरख्याच्या बाहीवरून घ्या आणि दोरीसाठी ३-४ सेंमी फट सोडा. दुसऱ्या हाताचा नमुना उलटा करून आखायला विसरू नका. दोन्ही पट्टे एकाच हाताचे झालेले मी खूपदा पाहिलेत. नक्षीबद्दल एक सांगतो. आपल्याकडच्या लढवय्यांच्या हातावर पोलादी दस्ताने असत. चामड्याचा मनगटपट्टा ही युरोपातल्या तिरंदाजांची वस्तू, धनुष्याची दोरी हातावर आपटू नये म्हणून घालायची. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी जहाजातून असे बरेच पट्टे निघाले, काहींवर ठशांची नक्षीही आहे. रंगमंचावर चामडं चालून जातं, पण नक्षी तरी आपली असू द्या: कमळ, वेल, देवळाच्या लाकडी खांबांवर दिसते तशी पानं.

आता कोरणं. स्पंजाने दोन्ही बाजूंनी पाणी लावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा. एकच रात्र. मी सुरुवातीला पावसाळ्यात तीन दिवस ठेवलं आणि उघडलं तर पांढरी बुरशी. सकाळी उघड्यावर ठेवून वाट पाहा. गडद झालेला रंग मूळ रंगाकडे परतायला लागला, पण गालाला लावल्यावर चामडं गारच लागतंय, ही कोरायची वेळ. सुरी ओढताना पात्याच्या बाजूने पाणी पाझरलं तर थांबा, अजून ओलं आहे, रेघ पुन्हा मिटणार. तुमची वेल तशीच पुसट झाली. पातं अडकत चाललं तर उलट, फार सुकलंय. स्विव्हल सुरी (फिरत्या पात्याची कोरायची सुरी) उभी धरा, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच कापा, आणि बेव्हलरने (उतरत्या तोंडाच्या ठशाने) ठोकत रेघेची एकच बाजू दाबत चला. उठाव या दाबण्याने येतो, खोल कापून येत नाही. चामड्याच्या मागच्या बाजूला आधी चिकटपट्टी लावलीत तर ठोकताना चामडं ताणून नमुना वाकडा होणार नाही. संपल्यावर पट्टी काढा, ओलसर असतानाच पट्टा बाटलीवर हलकेच वाकवून बांधा आणि सावलीत सुकवा. उन्हात नको, कडक होऊन तडे जातात.

रंगाचं आता मन लावून सांगतो, कारण यात आपलं गोव्याचं घर कामाला येतं. बाजारातला काळा स्पिरिट रंग चामड्याच्या वर पुष्कळ भुकटी सोडतो. कोरडं फडकं स्वच्छ निघेपर्यंत घासलं नाही तर ती घामाबरोबर कपड्यावर उतरते. मी काळ्यासाठी तो रंग वापरणंच सोडलं. मी लोखंड आणि व्हिनेगर वापरतो, माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, आपल्या स्वयंपाकघरातलंच. अर्ध्या लिटरात साध्या लोखंडाचा बारीक काथ्या (स्टील वूल) मूठभर घालायचा. तो रंगाच्या दुकानात मिळतो. भांडी घासायची स्टेनलेस तार उपयोगाची नाही, ती विरघळत नाही. काथ्यावर तेल असतं म्हणून आधी साबणाने धुवा. बरणीचं झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. आठ-दहा दिवसांनी जाड फडक्यातून गाळा.

हे पाणी म्हणजे स्वतः रंग नव्हे. त्यातलं लोखंड चामड्यातल्या टॅनिनशी जुळतं आणि काळेपणा तंतूंच्या आतच तयार होतो, म्हणून कपड्याला फारच कमी लागतो. लावल्याबरोबर करडं दिसतं, काही मिनिटांत काळं होत जातं. हीच चामड्याची दुसरी परीक्षा: क्रोमच्या तुकड्यावर असा काळा चढत नाही. अधिक गडद हवं असेल तर आधी हिरड्याच्या पुडीचा गरम काढा लावून सुकू द्या. हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याने पुसून घ्या आणि साध्या पाण्याने धुवा. ही पायरी टाळू नका. मी एकदा टाळली होती, आंबट वास महिनाभर गेला नाही आणि चामडं ठिसूळ झालं. आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा. दोरीची भोकंही रंगवण्याआधीच पाडा, म्हणजे आतली पांढरट कड डोळ्याला खुपत नाही. पूर्ण सुकल्यावर नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) अगदी पातळ हात द्या. तेल जास्त झालं तर चामडं मऊ पडून कोरलेला उठाव बसतो. आयलेट पितळी घ्या, लोखंडी गंजतात.

तुमचे आत्ताचे पट्टे टाकू नका. कोरड्या सुती फडक्याने घासत राहा, फडकं स्वच्छ निघालं की ॲक्रिलिक फिनिशचे दोन पातळ हात द्या. जत्रेपुरते निभावतील.

कडा शेवटी. इथेच लोक दमतात, आणि पट्टा घरगुती वाटतो की कारागिराचा, हे इथेच ठरतं. रंगवण्याआधी एज बेव्हलरने (कडा तासायच्या हत्याराने, कोरतानाचा ठसा वेगळा) दोन्ही बाजूंचे टोकदार कोन काढलेले असावेत. मग पॉलिश पेपर, आधी ३२० नंबरचा, मग ६०० नंबरचा, एकाच दिशेने. त्यावर कडेला रंग. मेणाच्या आधीच, कारण मेण लागलं की रंग आत शिरत नाही. कतीरा डिंक रात्री पाण्यात भिजवा, सकाळी फुगून लगदा होतो. तो बोटाने फक्त कडेवर लावा. लगेच घोटू नका. चमक जाऊन कड जरा चिकट वाटली की शिसवी लाकडाच्या खाचेत धरून भरभर घोटा. घर्षणाची ऊब आणि ती थोडीशी ओल मिळून तंतू आडवे निजतात. सुरुवातीला लाकूड अडखळतं, मग अचानक घसरायला लागतं. तो क्षण हाताला कळतो, आणि दरवेळी मला तितकाच आनंद होतो. फार ओल्या कडेवर जोर लावलात तर ती चेपून पसरते. तशी झाली तर सुकवून पुन्हा ६०० पासून सुरू करा. दोन-तीन फेऱ्यांनंतर मधमाशीचं मेण चोळा आणि जाड किंतानाने शेवटचा हात मारा. क्रोमची कड अशी घोटली जात नाही, तिला एज पेंटच लावावा लागतो.

जत्रा कार्तिकात म्हणालात, म्हणजे वेळ आहे. तोवर पट्टे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा आणि आठवड्याला एकदा वारा लागू द्या. बुरशीचा ठिपका दिसला तर व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून पुसा आणि सावलीत सुकवा. आणि मांडव देवळाच्या आवारात असेल तर तिथे चामडं चालतं का, हे देवस्थानच्या माणसांना आत्ताच विचारून ठेवा.