दाखला, दृष्टांत आणि चोच मोडणारा गरुड

कोपरखैरण्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या मंडळीत रविवारच्या उपदेशात पाळकसाहेब मधूनमधून छोट्या गोष्टी सांगतात. उपासनेच्या पत्रिकेत त्या गोष्टीला काय म्हणायचं, दाखला, दृष्टांत, बोधकथा की किस्सा? 

'किस्सा' आणि 'बोधकथा' बाजूला ठेवू, त्यात वाद नाही. सेतू केंद्रात मिळणारे उत्पन्नाचे आणि शाळेतून मिळणारे शाळा सोडल्याचे दाखलेही सगळ्यांना ठाऊक आहेत. मला राग येतो तो 'दृष्टांत' ज्या सढळ हाताने वाटला जातो त्याचा. हल्ली फोनवर आलेली कुठलीही गोष्ट उपदेशात शिरली की ती दृष्टांत होते. ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत, जिथे मराठी उपासना ऐकावी तिथे हेच. निदान ख्रिस्ती मंडळींनी तरी असं करू नये, कारण त्यांच्याच मराठी बायबलात हे दोन शब्द स्पष्ट वेगळे ठेवलेले आहेत. येशू लोकांशी बोलतो तो दाखल्यांनी, आणि त्याचा शिष्य पेत्र याला छपरावर आकाशातून उतरणारी चादर दिसते तो दृष्टांत. तरुणांना दृष्टांत होतील आणि वृद्धांना स्वप्नं पडतील, हे योएल संदेष्ट्याचं वचनही त्याच अर्थाचं. आपल्याकडे देवाने स्वप्नात येऊन दृष्टांत दिला म्हणतात, तोच हा शब्द. मग व्यासपीठावरून 'आता एक दृष्टांत देतो' असं कानावर आलं की मराठी माणसाने काय समजायचं?

यावर महानुभाव पंथाचा दृष्टांतपाठ हा जुना मराठी ग्रंथ पुढे केला जाणार, हे मला माहीत आहे, कारण तिथे दृष्टांत म्हणजे गोष्टच. करावाच, कारण नुसती सुटी गोष्ट तिथेही दृष्टांत ठरत नाही, म्हणजे तो माझ्याच बाजूने बोलतो. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केसोबासांनी त्यात एकत्र केले. मांडणी ठरलेली आहे: आधी सूत्र म्हणजे स्वामींचं वचन, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. हत्तीला चाचपणारे आंधळे त्यात आहेत, पण ते एकटे येत नाहीत. त्यांच्या आधी सूत्र आहे आणि मागून दार्ष्टांतिक. दार्ष्टांतिक म्हणजे ज्याच्यासाठी दृष्टांत दिला तो मूळ मुद्दा, गोष्ट जिथे जाऊन लागायची ती जागा. हा शब्द आपण टाकून दिला याची मला खरोखर खंत वाटते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला नाथान संदेष्टा पाहा. तो दावीद राजाला गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. ती मेंढी त्या गरिबाच्या ताटातलं खाते, त्याच्या कुशीत निजते. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा येतो, तेव्हा तो आपल्या कळपाला हात न लावता हीच मेंढी उचलून कापतो. दावीद संतापून म्हणतो, हा माणूस मरणाला पात्र आहे. आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. एवढं एक वाक्य म्हणजे दार्ष्टांतिक. ते काढलंत तर मागे मेंढीची करुण गोष्ट उरते आणि राजा निवांत झोपायला जातो.

आता 'दाखला'. कोशकार याला अरबीचं लेबल लावून मोकळे होतात. मूळ अरबी आहे हे खरंच. त्या धातूचा अर्थ आत शिरणे. म्हणून आपण मुक्कामी दाखल होतो, गुन्हा दाखल होतो आणि दखलही घेतली जाते. दप्तरात जे नोंदलं ते दाखल, त्याचा पुरावा तो दाखला, आणि पुराव्यासाठी सांगितलेली हकिगत तोही दाखला. उदाहरणादाखल, शिक्षेदाखल, मासल्यादाखल यांत तोच बसलाय. ('उदाहरणादाखल म्हणून' असं कृपा करून कोणी म्हणू नये, त्यातला 'म्हणून' फुकट जातो.) गंमत पाहा, युरोपात मध्ययुगातले धर्मोपदेशक प्रवचनातल्या गोष्टीला लॅटिनमध्ये एक्झेम्प्लुम म्हणत. ज्याक द व्हित्री या तेराव्या शतकातल्या बिशपची प्रवचनं अशा गोष्टींनी भरलेली आहेत. त्या लॅटिन शब्दाचं मूळ बाहेर काढणे. पोत्यातून मूठभर दाणे काढून दाखवावेत तसा बाहेर काढलेला नमुना. एकच वस्तू, तिला लॅटिनने बाहेर काढलं आणि अरबीने आत घातलं! दाखल्यासाठीचा ग्रीक शब्द पॅराबोले, म्हणजे शेजारी टाकलेलं, ते या दोघांच्या मधे उंबऱ्यावर.

पण कोशकार जिथे थांबतात तिथे मला थांबवत नाही. दप्तरातला पुरावा मराठीत 'समजावण्यासाठी सांगितलेली गोष्ट' इतका घरगुती का झाला? माझं मत असं की त्याला 'दाखवणे'ने ओढून घेतलं. 'दाखवणे' प्राकृतातल्या 'दक्ख'वरून आलंय, पाहणे या अर्थाच्या, आणि त्याच्याही मागे संस्कृत दृश् आहे. मराठी कानाला दाखला आणि दाखवणे हे सख्खे भाऊ वाटतात. दाखला म्हणजे जो दाखवतो तो, असं बोलणाऱ्यांनी मनोमन धरलं आणि परका शब्द घरचा झाला. तसं असेल तर दृश् धातूचा दृष्टांत आणि अरबी दाखला एकमेकांना मराठीच्या अंगणात येऊन भेटले म्हणायचे. कोशात हे सापडणार नाही, कारण कोश व्युत्पत्ती कागदावरून काढतात आणि कान मोजत नाहीत. दाखला परका म्हणून हाकलून दृष्टांत आणा म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांना तर माझा साफ विरोध आहे. परका शब्द काढताना ते नेमका अर्थही काढून टाकतात.

ठाणेकरांसाठी एक दुरुस्ती. फादर स्टीफन्सने क्रिस्तपुराण हे मराठी ख्रिस्ती काव्य साष्टीत लिहिलं म्हणून आपल्या ठाण्याकडच्या साष्टीचा अभिमान मिरवणारे मला तलावपाळीवर नेहमी भेटतात. ती साष्टी गोव्याची. ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला तो राचोलला. आपली साष्टी वेगळी आणि तिचा ख्रिस्ती इतिहास तिचा स्वतःचा आहे, तो उसना आणायची गरज नाही.

दाखल्यात पुराव्याचा अंश आहे, आणि इथेच व्यासपीठावरची खरी चूक होते. गरुडाची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल: चाळिसाव्या वर्षी गरुड डोंगरावर जातो, दगडावर आपटून आपली चोच मोडतो, नखं उपटतो, नवी येईपर्यंत वाट पाहतो आणि मग पुढची ३० वर्षं जगतो. तिला बायबलातल्या १०३ व्या स्तोत्रातल्या 'गरुडासारखं नवं होणारं तारुण्य' जोडून देतात. गरुड असं काही करत नाही. चोच मोडलेला गरुड उपाशी मरेल. 'एका माणसाला दोन मुलगे होते' म्हणताना येशू हे अमुक गावी घडलं असा दावा करत नाही, ऐकणाऱ्यालाही ते कळतं. गरुडाची गोष्ट मात्र घडतं म्हणून सांगितली जाते. तो खोटा दाखला झाला. तहसीलदारासमोर खोटा दाखला चालत नाही, मग वेदीसमोर कसा चालेल? श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो; ते सुईचं नाकं म्हणजे यरुशलेमेचा एक बुटका दरवाजा, उंट त्यातून गुडघे टेकून जाई, हेही तसंच. अशा दरवाजाचा पुरावा नाही. आणि उंट सुईतून जाऊ नये हाच तर त्या वचनाचा मुद्दा आहे, दरवाजा काढून त्याची धारच बोथट केली जाते.

तेव्हा ताई, पत्रिकेत येशूच्या गोष्टींना दाखला लिहा. पाळकसाहेबांनी कल्पिलेल्या गोष्टीला नुसतं 'गोष्ट' म्हणा, त्यात कमीपणा नाही. घडलेला प्रसंग असेल तर 'प्रसंग' लिहा, आणि छापण्याआधी तो कुठे व कोणाच्या बाबतीत घडला हे त्यांना विचारून घ्या.