डेटाबेसमधला डेटा पानावरच्या जावास्क्रिप्टला द्यायचा कसा: इको, जेसन आणि फेच

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. पीएचपीने मायएसक्यूएल डेटाबेसमधून काढलेली वस्तूंची यादी ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला कशी द्यायची, ही पहिली. लूप फिरवून इकोने (पीएचपीची मजकूर छापण्याची आज्ञा) जावास्क्रिप्टचा ॲरे (मूल्यांची यादी) छापला की काही नोंदींवर सगळं पान का बंद पडतं, ही दुसरी. दुसरीचं कारण कळलं की पहिलीचं उत्तर हाती येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पीएचपी सर्व्हरवर चालतं आणि मजकूर तयार करून देतं. जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालते. एकाचं व्हेरिएबल दुसऱ्याला कधीच दिसत नाही, मधून जातो तो फक्त मजकूर. तुम्ही अवतरणचिन्हं हाताने जोडून तो मजकूर रचता आहात. आता वस्तूचं नाव «नळी १२"» असं असलं, तर इंचाचं चिन्ह लागताच जावास्क्रिप्टसाठी स्ट्रिंग (अवतरणांतला मजकूर) संपते आणि पुढचं सगळं चुकीचं वाक्य ठरतं. एक चूक असली तरी तो पूर्ण स्क्रिप्ट ब्लॉक चालत नाही, म्हणून पान मेल्यासारखं दिसतं. ॲडस्लॅशेस (अवतरणचिन्हांआधी उलटी तिरकी रेघ लावणारं पीएचपीचं फंक्शन) लावून हे सुटत नाही, कारण वर्णनात कोणी एंटर दाबून नवी ओळ टाकली असेल तर स्ट्रिंग पुन्हा मोडते. आणि नावाच्या रकान्यात कोणी मुद्दाम स्क्रिप्ट टॅग बंद करून स्वतःचा कोड लिहिला, तर तो तुमच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये चालेल. तेव्हा मजकूर हाताने रचणं पूर्ण थांबवा. पीएचपीचा ॲरे तयार करा आणि तो जेसन_एन्कोडला द्या. हे फंक्शन तो जेसनमध्ये, म्हणजे डेटा मजकूर म्हणून लिहिण्याच्या ठरावीक पद्धतीत, बदलतं.

पानासोबतच डेटा पाठवायचा असेल तर मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत अशी: स्क्रिप्ट टॅगला आयडी द्या आणि त्याचा टाइप ॲप्लिकेशन/जेसन ठेवा. असा टॅग ब्राउझर कोड म्हणून चालवत नाही, फक्त साठवतो. आत जेसन_एन्कोडचं आउटपुट छापा. मग तुमच्या वेगळ्या जेएस फाइलमध्ये तो टॅग आयडीने शोधा, त्याचं टेक्स्टकंटेंट घ्या आणि जेसन.पार्सला द्या. एन्कोड करताना दोन फ्लॅग (फंक्शनला द्यायच्या जादा सूचना) लावाच. जेसन_हेक्स_टॅग कोनी कंसांचं युनिकोड एस्केपमध्ये रूपांतर करतो, त्यामुळे डेटात काहीही असलं तरी टॅग मध्येच बंद होत नाही. दुसरा फ्लॅग जेसन_थ्रो_ऑन_एरर, पीएचपी ७.३ पासून मिळतो. तो नसेल आणि एखाद्या नोंदीत यूटीएफ-८ मध्ये न बसणारे बाइट असतील, तर जेसन_एन्कोड गुपचूप फॉल्स परत करतं, फॉल्स इको केलं की काहीच छापलं जात नाही, आणि टॅग रिकामा राहतो. असं झालं तर आधी जोडणीचा कॅरॅक्टर सेट पाहा. तो यूटीएफ८एमबी४ हवा, कारण मायएसक्यूएलचा जुना यूटीएफ८ एका अक्षराला तीनच बाइट देतो आणि इमोजीला चार लागतात.

इथे बरेच जण फसतात: स्क्रिप्ट टॅगच्या आत एचटीएमएलस्पेशलकॅर्स (विशेष चिन्हांच्या जागी एंटिटी, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं, लिहिणारं फंक्शन) लावू नका. तिथे ब्राउझर एंटिटी उलगडत नाही, त्यामुळे अवतरणचिन्हाच्या जागी एंटिटी तशीच राहते आणि पार्स चुकतं. उलट एचटीएमएल टॅगच्या डेटा ॲट्रिब्यूटमध्ये एखादा आयडी किंवा छोटं सेटिंग ठेवायचं असेल तर तिथे तेच फंक्शन लावावंच लागतं.

आता डेटाच्या प्रकारांकडे या. खरा वेळ इथे जातो. पीएचपी ८.१ च्या आधी पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याची सोय) एम्युलेटेड प्रिपेअर्समध्ये, म्हणजे मूल्यं पीडीओ स्वतःच क्वेरीत भरतं तेव्हा, पूर्णांकसुद्धा स्ट्रिंग म्हणून येतात. मग जावास्क्रिप्टमध्ये पाच अधिक एकचं उत्तर ५१ येतं. त्याहून वाईट म्हणजे, 'सुरू आहे का' या रकान्यातला शून्य स्ट्रिंग होऊन येतो. पीएचपीत "०" खोटा धरला जातो, जावास्क्रिप्टमध्ये मात्र कोणतीही भरलेली स्ट्रिंग खरी असते, म्हणून बंद केलेल्या वस्तू सुरू दिसू लागतात. एन्कोड करण्याआधी पूर्णांकांचे रकाने इंटमध्ये आणि हो-नाहीचे रकाने बूलमध्ये कास्ट करा, म्हणजे त्या प्रकारात बदला. पैशांचे डेसिमल रकाने स्ट्रिंग म्हणूनच पाठवा आणि बेरजा सर्व्हरवर करा, कारण जावास्क्रिप्टमध्ये ०.१ + ०.२ बरोबर ०.३ येत नाही. बिगइंट आयडी ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे जाणार असेल तर तोही स्ट्रिंगच, नाहीतर शेवटचे अंक बदलतात आणि भलतीच नोंद उघडते.

तारखेसाठी जेसनमध्ये प्रकारच नाही. मायएसक्यूएलची तारीख आणि वेळ मध्ये मोकळी जागा सोडून येतात, तो मजकूर वाचण्याची पद्धत जावास्क्रिप्टच्या मानकात ठरलेली नाही. आयएसओ ८६०१ मध्ये (तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक), यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ), शेवटी झेड लावून पाठवा. नुसती तारीख पाठवली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरते, आणि यूटीसीच्या मागे असलेल्या टाइमझोनमध्ये आदला दिवस दिसतो.

अजून एक: ॲरे_फिल्टरने काही नोंदी गाळल्या की उरलेल्यांच्या किल्ल्या सलग राहत नाहीत, आणि जेसन_एन्कोड ॲरेऐवजी ऑब्जेक्ट देतं. कन्सोलमध्ये «मॅप हे फंक्शन नाही» असं दिसलं तर बहुधा हेच झालेलं असतं. ॲरे_व्हॅल्यूजमधून काढा, सुटेल.

पान उघडताच लागणारा, थोडा आणि एकदाच वापरायचा डेटा पानात ठेवावा. शोध, फिल्टर, पुढचं पान, सेव्ह केल्यानंतरची नवी स्थिती, यासाठी वेगळा पीएचपी पत्ता करून फेच (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरकडे मागणी पाठवण्याचं फंक्शन) वापरा. पानात एखाद्या वापरकर्त्याचा खासगी डेटा असेल, तर कॅश-कंट्रोल हेडरमध्ये नो-स्टोअर ठेवा, नाहीतर मधल्या कॅशमधून तेच पान दुसऱ्याच्या हाती पडू शकतं.

फेचच्या पत्त्यावर दारं नीट लावा. वापरकर्ता कोण, हे सेशनवरून (लॉगिननंतर सर्व्हरने ठेवलेली ओळख) ठरवा, यूआरएलमधल्या आयडीवरून नाही. तो आकडा कोणीही बदलू शकतो. सिलेक्ट स्टार (टेबलातले सगळे रकाने मागणारी क्वेरी) टाळून रकान्यांची नावं लिहा. आज टेबलात फक्त नाव आणि किंमत असेल, उद्या कोणी खरेदीची किंमत किंवा पासवर्डचा हॅश असलेला रकाना जोडला की तो आपोआप ब्राउझरमध्ये पोहोचेल. पानावर दाखवला नाही तरी नेटवर्क टॅबमध्ये तो कोणालाही वाचता येतो. मूल्यं प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधूनच (क्वेरी आणि मूल्यं वेगळी देण्याची पद्धत) द्या. ऑर्डर बायमधल्या रकान्याचं नाव मात्र पॅरामीटर म्हणून देता येत नाही, त्यासाठी परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवून तिच्याशी ताडा.

ब्राउझरच्या बाजूला लक्षात ठेवा की सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिला तरी फेच कॅचमध्ये जात नाही. नेटवर्कच तुटलं, कॉर्सने (दुसऱ्या साइटवरच्या मागण्यांवरचे ब्राउझरचे नियम) अडवलं किंवा मागणी रद्द केली, असं काही झालं तरच जातो. म्हणून जेसन वाचण्याआधी रिस्पॉन्सचं ओके तपासा. «अनपेक्षित टोकन <» ही चूक आली तर जेसनच्या जागी एचटीएमएल आलं आहे: पीएचपीची वॉर्निंग छापली गेली, किंवा सेशन संपून लॉगिनचं पान आलं. नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स उघडला की लगेच दिसतं. सेशन संपल्यावर या पत्त्यावरून रीडायरेक्ट न करता ४०१ द्या.

टाइप करता करता शोध हवा असेल तर शेवटच्या अक्षरानंतर साधारण ३०० मिलिसेकंद थांबून मागणी पाठवा, आणि आधीची मागणी अबॉर्टकंट्रोलरने रद्द करा. नाहीतर «नळ»चं उत्तर «नळी»च्या नंतर येऊन यादी मागे जाते.

यादी हजारोंची असेल तर एका वेळी ५० नोंदी पुरे. ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा) १०००० दिला की मायएसक्यूएल आधीच्या दहा हजार ओळी वाचून टाकून देतं, शिवाय मधल्या वेळात नवी नोंद आली तर एक ओळ दोनदा दिसते. त्याऐवजी शेवटी दाखवलेला आयडी पाठवा आणि त्याहून लहान आयडीच्या ५० ओळी उतरत्या क्रमाने मागा.

मिळालेली नावं तक्त्यात भरताना इनरएचटीएमएल नको, टेक्स्टकंटेंट वापरा. जेसन कितीही नीट एस्केप केलेलं असलं तरी पार्स झाल्यावर मूळ मजकूर परत जसाच्या तसा होतो, आणि इनरएचटीएमएलमध्ये तो पुन्हा टॅग म्हणून वाचला जातो.