डोंगरावरचा वायफाय रिले जुलैत दर तिसऱ्या रात्री बंद पडतो. सोलरला पवनचक्की जोडावी का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वेल्ह्याच्या पश्चिमेला घाटमाथ्याच्या एका सोंडेवर 5 गिगाहर्ट्झचा रिले आहे. त्यावरून खालच्या वाडीतल्या शाळेला आणि आरोग्य उपकेंद्राला इंटरनेट जातं. वर 165 वॅटची दोन पॅनेलं, 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासाची ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी, घरगुती इन्व्हर्टर आणि त्याला लावलेले रेडिओंचे ॲडॉप्टर. ऑक्टोबर ते मे बिनतक्रार चालतं, पण जुलैत झड लागली की तिसऱ्या रात्री सगळं गप्प. 400 वॅटची पवनचक्की लावली तर सुटेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

चक्की आत्ता नको. आधी इन्व्हर्टर खाली आणा, मग आणखी एक पॅनेल आणि मोठी बॅटरी. एवढं करूनही कमी पडलं तरच वाऱ्याकडे वळा.

तिसरीच रात्र का, ते तुमच्याच आकड्यांतून निघतं. लिंकचे दोन रेडिओ 7-7 वॅट, सेक्टर (रुंद पट्ट्यात सिग्नल टाकणारा रेडिओ) 8, नेटवर्क स्विच 5. म्हणजे खरं काम 27 वॅटचं. पण इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच 10 वॅट खातो आणि ॲडॉप्टरांतही थोडी वीज उष्णता होऊन जाते. बॅटरीतून जातात साधारण 40 वॅट, म्हणजे दिवसाला 960 वॅट-तास. हिवाळ्यात पूर्ण क्षमतेच्या उन्हाचे 5.5 तास धरले आणि धूळ, तापमान, केबल, बॅटरी मिळून 30 टक्के घट धरली, तर 330 × 5.5 × 0.7 = 1270 वॅट-तास मिळतात. भागतं. घाटमाथ्यावर जुलैसाठी मी 2 तासच धरतो: 330 × 2 × 0.7 = 460. रोजची तूट 500. बॅटरी 1800 वॅट-तासांची आहे आणि इन्व्हर्टर ती 10.5 व्होल्टपर्यंत पिळून काढतो, म्हणजे सुमारे 1450 हाती येतात. भागिले 500. आली तिसरी रात्र.

इतकं खोल जाऊन ती बॅटरी पुढचे कित्येक दिवस अर्धवट भरलेलीच राहते. लेड-ॲसिडला यापेक्षा वाईट काही नाही. प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि क्षमता कायमची जाते. तेव्हा त्या बॅटरीवर आज 150 लिहिलेलं असलं तरी दोन पावसाळ्यांनंतर ती 150 ची उरलेली नसेल, हे गृहीत धरा.

इन्व्हर्टरची तिथे काहीच गरज नाही. 12 व्होल्ट डीसीचे 230 व्होल्ट एसी करायचे आणि ॲडॉप्टरने त्याचे परत 24 व्होल्ट डीसी करायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे. तुमचे रेडिओ 24 व्होल्ट पॅसिव्ह पीओईचे (डेटाच्या केबलमधूनच ठरावीक व्होल्टेजची वीज घेणारे) असतील, तर बॅटरी 24 व्होल्टची करा आणि मध्ये 24 व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर टाका. बॅटरीवर थेट जोडायचा मोह टाळा, कारण चार्ज होताना ती 28 च्या वर जाते आणि प्रत्येक रेडिओला ते झेपतंच असं नाही, डेटाशीट बघा. 48 व्होल्टचे रेडिओ असतील तर व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर घ्या. कन्व्हर्टरचं नुकसान धरून एकूण भार 30 वॅटवर येतो, म्हणजे दिवसाला 720 वॅट-तास. एक रुपयाचं पॅनेल न घेता पाव खर्च वाचला. भार ठरवताना ॲडॉप्टरवरचा आकडा घेऊ नका. त्यावर 24 व्होल्ट 0.5 अँपिअर लिहिलेलं म्हणजे तो जास्तीत जास्त 12 वॅट देऊ शकतो, रेडिओ तेवढे घेतो असं नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावून, लिंकवर खरा ट्रॅफिक असताना मोजा.

आता पॅनेल. 720 भागिले (2 × 0.7) म्हणजे 515 वॅट हवेत. झड उघडल्यावर बॅटरी परत भरायलाही काही उरलं पाहिजे, म्हणून 660 घ्या. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. तुमची 165 वॅटची पॅनेलं 36 सेलची असतील (मागच्या लेबलवर उघड्या सर्किटचं व्होल्टेज 22 च्या आसपास असेल), तर ती दोन सिरीजमध्ये जोडली की 44 व्होल्ट होतात. 72 सेलचं 330 वॅटचं एक नवं पॅनेल सुमारे 46 व्होल्टचं असतं. हे त्या जोडीला पॅरलल लावता येतं, कारण दोन्हीकडचं कामाचं व्होल्टेज 36 ते 38 असं जवळपास सारखंच आहे. विकत फक्त एक पॅनेल घ्यावं लागेल. मात्र 72 सेलची दोन पॅनेलं कधी सिरीजमध्ये लावणार असाल तर सांभाळा: 46 आणि 46 म्हणजे 92, आणि डिसेंबरच्या गार सकाळी त्यात आणखी 6-7 टक्के भर पडते. 75 व्होल्टचा कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारं यंत्र) तर लगेच जळेल, 100 व्होल्टचाही अगदी काठावर येईल.

कंट्रोलर एमपीपीटीच (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या. व्हिक्ट्रॉनचा 100/20 किंवा त्या मापाचा कुठलाही चांगला चालेल. 24 व्होल्टवर त्याची मर्यादा 580 वॅट आहे आणि पॅनेलं 660 ची, म्हणून मेच्या दुपारी थोडी वीज वाया जाईल. जाऊ दे. मेमध्ये तुम्हाला ती नकोच आहे. फक्त पॅनेलांचा एकत्रित शॉर्ट-सर्किट करंट कंट्रोलरच्या मर्यादेत बसतो ना, ते लेबलवरून बेरीज करून बघा. या जोडणीत तो 19 अँपिअरच्या आसपास येतो आणि मर्यादा 20 आहे.

पॅनेलांचा कोन 30 अंश ठेवलाय असं तुम्ही लिहिलंय. तो 10 ते 15 वर आणा. आपल्याकडे अक्षांश 18 च्या पुढे आहे आणि जूनच्या अखेरीस दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडे 30 अंश कललेलं पॅनेल त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखंच. शिवाय ढगाळ दिवशी प्रकाश सगळ्या आकाशातून पसरून येतो. 10 अंशांवर पॅनेलला जवळजवळ अख्खं आकाश दिसतं, तर 30 वर त्यातलं 6-7 टक्के कमी. हिवाळ्यातलं उत्पन्न थोडं घटेल, पण तेव्हा तुमच्याकडे वरकड आहे. 10 च्या खाली मात्र नको. पाणी खालच्या चौकटीशी साचतं, तिथे शेवाळ धरतं आणि खालची सेलची ओळ झाकली जाते.

बॅटरीच्या हिशोबात बहुतेकजण 'पाच दिवस अजिबात ऊन नाही' असं धरून अवाढव्य आकडा काढतात. धुक्यातही पॅनेल काहीतरी देतंच. अगदी वाईट दिवसाला 0.75 तास धरा: 660 × 0.75 × 0.7 = 346 वॅट-तास. तूट 374. असे सलग पाच दिवस आले तर 1870 लागतील. 25.6 व्होल्ट 100 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 2560 वॅट-तासांची असते. 80 टक्के वापरली तर 2050 मिळतात. बसलं.

ट्युब्युलरवरच राहायचं तर 150 च्या दोन सिरीजमध्ये लागतील, त्या निम्म्याच वापरायच्या, पाणी घालायला वर जायचं, आणि प्रत्येकीचं 50 किलोच्या पुढचं वजन डोंगरावर चढवायचं. लिथियमची 25 किलोच्या आसपास येते. जुनी आणि नवी एकमेकींना पॅरलल मात्र कधीच जोडू नका. लडाखसारख्या ठिकाणी शून्याखाली लिथियम चार्ज करता येत नाही म्हणून पेटीला ऊब द्यावी लागते. सह्याद्रीत ती कटकट नाही. आपला शत्रू उष्णता, म्हणून पेटी पॅनेलांच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला ठेवा.

कंट्रोलरमध्ये भरायचे आकडे: ॲब्सॉर्प्शन (पूर्ण भरतानाचं व्होल्टेज) 28.4, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं) 27, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं मुद्दाम जास्त चार्जिंग) बंद, तापमान-भरपाई शून्य. भार तोडायचा 25.2 ला, परत जोडायचा 26.6 ला. बॅटरीच्या उत्पादकाचे आकडे वेगळे असतील तर ते प्रमाण. तोडणं आणि जोडणं यांत अंतर कमी ठेवलं तर पहाटे रेडिओ चालू-बंद, चालू-बंद करत बसतात आणि त्यातच एखाद्याचं फर्मवेअर बिघडतं. बॅटरीच्या आतल्या बीएमएसला (तिचं रक्षण करणाऱ्या सर्किटला) भार तोडायची वेळ येऊ देऊ नका. त्याने एकदा बॅटरी बंद केली की कंट्रोलरला बॅटरीचं व्होल्टेजच दिसत नाही, आणि काही कंट्रोलर ऊन आलं तरी मग जागे होत नाहीत. कोणीतरी डोंगर चढेपर्यंत लिंक बंद. याच कारणाने जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

लिथियममध्ये व्होल्टेजवरून किती चार्ज उरलाय ते नीट कळत नाही, मधल्या पट्ट्यात ते जवळपास सपाट असतं. शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजायचा तुकडा) लावून अँपिअर-तास मोजा. तेवढं बजेट नसेल तर मायक्रोटिक कंपनीच्या बऱ्याच राउटरांत येणारं व्होल्टेज दिसतं, ते एसएनएमपीने (नेटवर्कवरून उपकरणांची माहिती वाचायच्या पद्धतीने) खालून नोंदवता येतं. मात्र राउटर कन्व्हर्टरच्या पुढे असेल तर कायम 24 च दिसेल. तो 30 व्होल्ट सोसणारा असला तरच बॅटरीच्या बाजूला घ्या.

वाऱ्याचा विचार चुकीचा नाही. साताऱ्याकडे चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. नैऋत्य मोसमी वारा तिथे नेमका ऊन नसतं त्या महिन्यांत वाहतो. पण छोट्या चक्कीवरचा '400 वॅट' हा आकडा सेकंदाला 12-13 मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटरच्या वाऱ्यातला असतो. शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. 1.2 मीटर व्यासाच्या पात्यांतून, हजारेक मीटर उंचीच्या विरळ हवेत, 6 मीटर वेगाला सुमारे 135 वॅटचा वारा जातो, त्यातला पाव भाग हाती येतो: 33 वॅट. 4 मीटरला फक्त 10. म्हणजे वारा दिवसरात्र 6 च्या वर राहिला तर चक्की एकटी तुमचा रिले चालवेल, आणि 4 वर रेंगाळला तर तुटीचाही सगळा भाग भरणार नाही. तुमची सोंड पश्चिमेला उघडी आहे की पुढच्या डोंगराच्या आडोशाला, यावर सगळं आहे. साधा नोंद ठेवणारा वायुवेगमापक एक पावसाळा लावा, मग ठरवा.

लावलीच तर तिचा खांब वेगळा घ्या, चार बाजूंनी ताण देऊन. रेडिओच्या खांबावर चक्की बसवली की थरथरीने डिशची दिशा हलते आणि सिग्नल का पडतोय ते शोधत बसावं लागतं. चक्कीला स्वतःचा कंट्रोलर आणि जास्तीची वीज जाळायला डम्प लोड लागतो. सोलर कंट्रोलरला ती जोडायची नाही, कारण बॅटरी भरल्यावर तो तिला नुसतं तोडून टाकेल, आणि भार सुटलेली चक्की वादळात बेफाम फिरून पाती उडवेल. खाली हाताशी ब्रेकचा स्विच हवाच.

पॅनेलांनाही वारा लागतो. दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर सेकंदाला 40 मीटरच्या झोतात 170 किलोच्या आसपास जोर येऊ शकतो. कातळात भोक पाडून केमिकल अँकरने सांगाडा बसवा. दगड रचून भागणार नाही.

वायरिंगमध्ये दोन गोष्टींवर तडजोड नको. एक, बॅटरीच्या धन टोकाला लागूनच, शॉर्ट-सर्किटचा हजारो अँपिअरचा झटका तोडू शकेल असा फ्यूज. गाडीचा पात्याचा फ्यूज लिथियमसमोर टिकत नाही. दुसरी, ब्रेकर डीसीचेच. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी डीसीवर ठिणगी विझवू शकत नाही, तो आतच जळत राहतो. पॅनेलांच्या दोन्ही शाखा 4 चौ. मिमीच्या वेगवेगळ्या जोड्यांनी पेटीपर्यंत आणा. एकाच जोडीत 18 अँपिअर घातले तर 10 मीटरवर पावणेदोन-दोन व्होल्ट जातात.

वीज पडण्याचा धोका तिथे एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरमध्ये जास्त. कातळात अर्थिंगचा रोध कमी येत नाही, त्यामुळे एकाच रॉडवर भिस्त ठेवू नका. तीन-चार भोकं, बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती), आणि सगळ्यांना जोडणारी तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची पट्टी. खांब, पॅनेलांची चौकट, पेटी, सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा) हे सगळं त्या एकाच अर्थवर. रेडिओसाठी वेगळं अर्थिंग केलं तर वीज पडताना दोन अर्थमधला फरक केबलमधून रेडिओतूनच वाहतो.

केबल पेटीत खालूनच घाला, आधी खाली झोळ देऊन, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. रिकामी ग्लँड (केबल आत घ्यायचं तोंड) बुजवा; पाली आणि मुंग्या उबेला येतात आणि स्विचच्या पोर्टात घर करतात. खाली लोंबणारी प्रत्येक केबल माकडं ओढतात, म्हणून जीआय पाइप. जानेवारी संपायच्या आत सभोवतालचं पाच-सात मीटर गवत कापा. वणवा पॅनेलपर्यंत पोचला नाही तरी खालची केबल वितळवतो. मेअखेरीस एकदा वर जाऊन पॅनेलांवरची धूळ धुवा, लग (केबलच्या टोकांचे जोड) घट्ट करा आणि बॅटरी पूर्ण भरल्याची खात्री करून घ्या. जून लागला की मग शंटचा रोजचा आकडा बघत राहा. चार-पाच दिवस बॅटरी सलग उतरत 40 टक्क्यांखाली आली, तर खालूनच सेक्टर रात्री 10 ते पहाटे 5 बंद ठेवा आणि उपकेंद्राची लिंक चालू राहू द्या.