गॅमा किरणे नेमकी कोणत्या दीर्घिकेतून आली, हे कसे ठरवतात?

गॅमा दुर्बिणीला आकाश इतके धूसर दिसत असताना 'ही किरणे अमुक दीर्घिकेतूनच आली' असे शास्त्रज्ञ छातीठोकपणे कसे सांगतात, असे आपण विचारले आहे. खरे तर बहुतेक वेळा ते तसे सांगतच नाहीत. स्रोतांच्या याद्यांमध्ये 'ओळख पटलेला' आणि 'संबंध जोडलेला' असे दोन वेगळे शेरे असतात. बातम्यांमध्ये मात्र हा भेद हमखास गळून पडतो.

गॅमा किरणे, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेचा प्रकाश, भिंगाने किंवा साध्या आरशाने एकत्र आणता येत नाहीत. २००८ साली सोडलेल्या फर्मी उपग्रहावरील मुख्य दुर्बिणीत ती टंगस्टनच्या पातळ पत्र्यांवर आदळतात, त्यांतून इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची जोडी निर्माण होते आणि या जोडीचा मार्ग सिलिकॉनच्या थरांत टिपून मूळ दिशा काढली जाते. ऊर्जा कमी असली की हे कण वाटेतच भरकटतात, त्यामुळे १०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एकक) च्या आसपास एकेका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, दिशेत काही अंशांची चूक राहते. (पूर्ण चंद्र आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो.) पुष्कळ फोटॉन जमले की स्रोताची संभाव्य जागा बरीच आक्रसते, तरीही त्या लहानशा लंबवर्तुळात अनेक दीर्घिका सापडतात.

मग संशयितांची छाननी सुरू होते. दूरच्या गॅमा स्रोतांपैकी बहुतांश ब्लेझार असतात, म्हणजे ज्यांच्या केंद्रातील कृष्णविवराजवळून निघणारा झोत जवळजवळ आपल्याच रोखाने येतो अशा सक्रिय दीर्घिका. ब्लेझारचा गाभा रेडिओ लहरींत तेजस्वी आणि अतिशय आटोपशीर दिसतो. क्षीण रेडिओ स्रोत आकाशात लाखोंनी आहेत, पण असे तेजस्वी गाभे विरळ. म्हणून त्यांतला एखादा लंबवर्तुळात निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी असते. ती शक्यता मोजूनच 'संबंध' जोडला जातो.

ओळख मात्र पटते ती प्रामुख्याने काळावरून. गॅमा तेज उसळले त्याच सुमारास दृश्य प्रकाशात किंवा क्ष-किरणांत तीच दीर्घिका उजळली, तर पुरावा भक्कम होतो. माझ्या मते येथेही सावधगिरी हवी: ब्लेझार सतत चंचल असतात, त्यामुळे एकदाच जुळलेली उसळी मला पुरेशी वाटत नाही. आठ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या फर्मीच्या चौथ्या यादीत ५,०६४ स्रोत होते. त्यांपैकी ओळख पटलेले केवळ ३५८, त्यांतही पल्सार (दीर्घिका नव्हे, तर वेगाने फिरणारे, लयबद्ध स्पंदने देणारे मृत तारे) बरेच, आणि १,३३६ स्रोतांशी कोणत्याही ज्ञात वस्तूचा संबंध जोडता आला नव्हता. अपेक्षाही फसवतात. १९९१ मध्ये फर्मीच्या आधीची एग्रेट ही गॅमा दुर्बीण ३सी २७३ या क्वेसारच्या (अतितेजस्वी सक्रिय दीर्घिकाकेंद्राच्या) दिशेने वळवली, तेव्हा तळपताना आढळला तो सुमारे १० अंशांवरचा ३सी २७९.

दीर्घिका निश्चित झाली तरी किरणे झोतात नेमकी कुठे जन्मली, हा प्रश्न उरतोच, कारण तेवढा बारकावा कोणतीही गॅमा दुर्बीण दाखवू शकत नाही. तेथेही काळच कामी येतो. जुलै २००६ मध्ये नामिबियातील हेस या जमिनीवरील गॅमा दुर्बिणींना पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचे तेज काही मिनिटांतच बदलताना दिसले. प्रकाशाला एखादी वस्तू ओलांडायला जितका वेळ लागतो, त्याहून झटपट तिचे एकूण तेज बदलू शकत नाही; आणि अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर ओलांडायलाही प्रकाशाला काही तास लागतात. म्हणजे किरणांचे उगमस्थान त्याहून लहान असले पाहिजे आणि ते जवळपास प्रकाशाच्या वेगाने आपल्याकडे धावत असले पाहिजे.