पहिल्यांदाच बाईकने पुणे-गोवा? आधी हे बघ

आंबोलीमार्गे जाणार आहेस ना, मग सुरुवात ब्रेकपासून. पॅड झिजले असतील तर ‘अजून चालतील’ म्हणू नकोस, बदलूनच टाक. घाट उतरताना मी म्हणतो ते पटेल.

- टायर: हवा गाडी थंड असताना भर. मागे माणूस आणि सामान असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, गाडीच्या पुस्तिकेत बघ.
- चेन: ताण आणि वंगण.
- ऑइल, दिवे, हॉर्न.

नवखे हमखास चुकतात ते इथे: निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग. आठवडाभर आधी कर आणि 50-60 किलोमीटर चालवून बघ. माझा मागच्या ॲक्सलचा नट असाच सैल राहिला होता; सिंहगडापर्यंत जाऊन आलो म्हणून कळलं. बाकी बारकावे पुढच्या ट्रिपला. बिनधास्त जा!