मनातला विचार बोलण्यात नेमका कसा उतरतो? डोक्यात सगळं असतं, पण शब्द का अडतो?

या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या स्वयंपाकघरात सापडलं.

आईला सांडशी हवी असायची आणि शब्द आठवायचा नाही. मग ती म्हणायची, "अरे, ती दे ना... ती ही... पातेलं उतरवायची." आता बघा, शब्द आलाच नव्हता, तर 'ती' कुठून आलं? चिमटा हवा असता तर 'तो दे' म्हणाली असती. वस्तूला काही लिंग नसतं, ते शब्दाला असतं. म्हणजे अर्थ आणि व्याकरण आईच्या हाती लागलं होतं, फक्त उच्चार यायचा होता. इटालियन लोकांवर झालेल्या प्रयोगांतही हेच दिसलं: शब्द जिभेवर अडला तरी त्याचं लिंग बऱ्याचदा सांगता येतं.

विलेम लेव्हेल्ट या डच अभ्यासकानं १९८९ साली बोलण्याच्या पायऱ्या मांडल्या, त्या अशाच. आधी काय सांगायचं ते ठरतं, मग शब्द व्याकरणासकट निवडला जातो, मग त्याचे ध्वनी जुळतात आणि शेवटी जीभ, ओठ, श्वास कामाला लागतात. गप्पा मारताना आपण सेकंदाला दोन-तीन शब्द सहज बोलतो, त्यामुळे या पायऱ्या जाणवतही नाहीत.

पुढे आईला पक्षाघात झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला. तेव्हा मला पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांच्या रुग्णाबद्दल कळलं. त्याला बोललेलं बरंचसं कळायचं, पण तोंडातून जवळजवळ फक्त 'टॅन' निघायचं. १८६१ मध्ये तो गेल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. आईचंही तसंच. दोन बोटं दाखवून "किती?" विचारलं की ती नुसती बघत राहायची, डोळे भरून यायचे. पण बेचा पाढा घडाघडा म्हणायची! पाठ झालेलं बोलणं आणि नव्यानं जुळवायचं बोलणं यांत एवढा फरक असतो, हे तोवर मला ठाऊकच नव्हतं.

तुमचा शब्द अडतो तेव्हा बहुधा ध्वनींचीच पायरी अडलेली असते. अशा वेळी पहिलं अक्षर मिळालं तर खूप मदत होते. स्पीच थेरपिस्टनी आम्हाला तेच शिकवलं. परवा आई ओट्यापाशी "ती... ती..." करत थांबली. मी सांडशी उचलून दिली नाही, फक्त "सां" म्हटलं.

"...डशी," ती म्हणाली.